ओमिजला मारलेली हाक

स्योदयोल गावात मार्पाला तिच्या बापाच्या नावानं कुणी ओळखत नसे. 'योराची लेक' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आधी हे नाव चेष्टेत पडलं, मग अंगाला चिकटलं, आणि एका ऑक्टोबरनंतर ते तिच्यासमोर काढायची कुणाची छाती होईना.

योरा हे त्या जनावराचं आमच्या कोमी बोलीतलं नाव. घोड्याहून उंच, काठ्या लावल्यासारखे पाय, खांद्यावर मदार, गळ्याखाली लोंबणारी कातडी, आणि वरचा ओठ असा खाली ओघळलेला की सदा कुणावर तरी रुसल्यासारखं तोंड. नराच्या डोक्यावर पंजा पसरल्यासारखी शिंगं. रशियन लोक त्याला लोस म्हणतात. त्यांच्यातले शिकारी 'सोखाती' म्हणतात, म्हणजे नांगऱ्या, कारण ती शिंगं बघून त्यांना आपला जुना लाकडी नांगर आठवतो. आमची म्हातारी माणसं मात्र रानात शिरली की यातलं एकही नाव तोंडातून काढत नसत. 'थोरला' म्हणायची, नाहीतर नुसतं 'तो'. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं आणि शिकार हातची जाते, असा समज.

मार्पा लहानपणापासून हे 'थोरला' ऐकतच वाढली. आई तिच्या बाळंतपणातच गेली. बाप लढाईवर गेला तो परत आला नाही. दहा वर्षांनी मोठा असलेला भाऊ, ओपोन, त्यानं तिला वाढवलं, आणि वाढवलं ते योराच्या मांसावर. मार्चमध्ये बर्फावर कडक पापुद्रा धरला की ओपोन लाकडी पट्ट्या पायाला बांधून निघायचा आणि जनावर दमून उभं राहीपर्यंत पाठ सोडायचा नाही. गावात त्याच्यासारखा दुसरा शिकारी नव्हता. परत आला की पहिला तुकडा मार्पाच्या ताटात. स्वतः उपाशी असला तरी ती जेवेस्तोवर तो भिंतीला टेकून बघत बसायचा.

पुढं दोघांच्याही नशिबात नदीच आडवी आली. मार्पाचा नवरा पेचोरा नदीच्या पाण्यात ओंडके वाहून नेणाऱ्या टोळीत होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वसंतात तो ओंडक्यांखाली गेला. मूलबाळ झालेलं नव्हतं. त्याच्या पुढच्याच वर्षी ओंडक्यांचा ढीग कोसळून ओपोनचा डावा गुडघा चिरडला. पाय वाचला, पण वाकायचा बंद झाला. पट्ट्यांवर तोल सांभाळणं संपलं, आणि त्याबरोबर शिकारही. बंदूक भिंतीवर टांगलेली राहिली. ओपोन तिला दर रविवारी तेल लावायचा. का लावतोस, असं त्याची बायको परास्या एकदा म्हणाली होती, पुन्हा म्हणाली नाही.

त्याच सुमारास नदीपलीकडं सरकारी फार्म निघाला. योरा माणसाळवायचा, मादी पाळायची, दूध काढायचं, ते दूध जिल्ह्याच्या दवाखान्यात पोटाच्या रोग्यांना पाठवायचं, असा बेत होता. गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. रानातल्या थोरल्याला काय बादली लावणार, उद्या अस्वलाकडून अंडी घ्याल, असं लोक म्हणायचे. विधवा बाईला पोटापाण्याचं काम हवंच होतं, म्हणून मार्पा गेली.

फार्मवर लेनिनग्राडहून आलेल्या कीरा ल्वोव्ना होत्या. सडपातळ, जाड चष्म्याच्या, पुरुषी बूट घालणाऱ्या. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. चिखलात पडल्या की आधी हसायच्या आणि मग उठायच्या, त्यामुळं मार्पाला त्या पहिल्या आठवड्यातच आवडून गेल्या. एकदा दुपारी माद्यांच्या चाऱ्यासाठी विलोच्या झाडाच्या फांद्या तोडता तोडता बाईंनी तिला सांगितलं, की शास्त्रात या जनावराचं नाव आल्सेस आल्सेस.

"दोनदा कशाला, बाई? एका हाकेत येत नाही काय?"

बाईंनी समजावलं, पहिलं नाव कुळाचं असतं आणि दुसरं त्याचं स्वतःचं. या कुळातलं सगळ्यात आधी ओळखलं गेलेलं जनावर हेच, म्हणून दोन्ही नावं एकच पडली.

मार्पानं थोडा विचार केला. "म्हणजे आपला तो पोस्टातला इवान इवानोव्ह."

बाई इतक्या हसल्या की कोयता बाजूला ठेवावा लागला. मग त्यांनी आणखी सांगितलं. समुद्रापलीकडं अमेरिकेतही हेच जनावर आहे. तिथल्या रानातल्या मूळच्या लोकांनी त्याला मूस म्हटलं, म्हणजे साल ओरबाडून खाणारा, आणि नंतर आलेल्या गोऱ्यांनी तेच नाव उचललं. युरोपातल्या इंग्रजांकडं याचं एक वेगळंच नाव होतं, पण ते नाव गोऱ्यांनी तिथल्या एका दुसऱ्याच हरणाला देऊन टाकलं, आणि आता दोन देशांतले विद्वान एकमेकांशी बोलताना एकाच नावानं दोन निरनिराळी जनावरं डोळ्यांपुढं आणतात. मार्पाला त्यातलं साल ओरबाडणारं नाव पटलं. ज्यानं ते ठेवलं त्यानं त्याला जेवताना पाहिलेलं असणार, असं ती म्हणाली.

फार्मवरच्या माद्यांना मात्र घरची नावं होती. मार्पाच्या वाट्याला आलेली मादी अजून व्यालेली नव्हती. रंगानं करडी, पण कानांच्या आत तांबूस झाक. मार्पानं तिचं नाव ठेवलं ओमिज. ओमिज म्हणजे आमच्या रानात होणारं लाल आंबटगोड फळ.

जूनच्या सुरुवातीला ओमिज व्यायला लागली. काय करायचं ते बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, आणि मार्पाला ते ऐकूनच कसंसं झालं होतं. पिल्लू जमिनीला लागलं की आईनं चाटायच्या आत ते उचलून बाजूला न्यायचं. तिथलं सगळं पाणी, चिकट, रक्ताळलेलं, दूध काढणारीनं आपल्या हातांना, तोंडाला, मानेला माखून घ्यायचं आणि पिल्लाच्या जागी बसायचं. आई जिला पहिल्यांदा चाटते तिला ती आपलं पिल्लू मानते. मग ती रानात कितीही लांब गेली तरी दोन वेळा पाजायला परत येते.

मार्पानं तसं केलं. गवतात गुडघ्यांवर बसली, डोळे मिटून घेतले, आणि लाथ बसायची वाट बघत राहिली. त्या पायांची एक लाथ लांडग्याची कवटी फोडते हे तिला ओपोननं लहानपणी दाखवलं होतं. लाथ बसली नाही. आधी कपाळावर ऊन श्वास आला. मग खरखरीत, जड जीभ गालावरून फिरली, मानेवरून, पुन्हा गालावरून, कानाच्या मागं. आणि त्या एवढ्या धिप्पाड जनावराच्या घशातून एक आवाज यायला लागला, अगदी बारीक, कण्हल्यासारखा, जवळ असेल त्यालाच ऐकू यावा असा.

मार्पा लाकूड झाली. तिच्या आईनं तिला कधी पाहिलंही नव्हतं. जन्मल्यावर तिला पुसून काढलं ते शेजारणीनं, पोत्याच्या फडक्यानं. सव्वीस वर्षांच्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच आपलं म्हणून चाटून स्वच्छ करत होतं. पलीकडं झाकलेल्या टोपलीत त्या मायेचा खरा धनी ओरडत होता, आणि तेही तिच्या कानावर पडत होतं. बाईंनी हाक मारली, दूध काढ, आता काढ. तिला बादली सापडेना, ती पायाशीच होती.

त्या दिवसानंतर ओमिज तिची झाली. खरं म्हणजे मार्पा ओमिजची झाली. सकाळ-संध्याकाळ मार्पा रानाच्या कडेला उभी राहून हाक मारायची, "ओ-मिज! ओमिज, मिज-मिज-मिज!" पहिला स्वर लांबवायची आणि शेवटचे तीन जिभेवर नाचवायची. मग झाडीत काड्या मोडायच्या आणि ओमिज बाहेर यायची. आधी मार्पाचं तोंड हुंगायची, मानेवरून एकदा जीभ फिरवायची, मगच धार काढू द्यायची. दुसरी कुणी बादली घेऊन गेली तर कान मागं पाडून उभी राहायची. दूध दाट, पिवळसर, डिंकाच्या वासाचं. ओमिज मार्पाचं पिल्लू म्हणायची, की मार्पा ओमिजचं, यावर गावात दोन तट पडले. ओपोननं आपला निकाल दिला, "ती तुला वासरू समजते. तुझी अक्कल बघता जनावर हुशार म्हणायचं." मार्पाही हसली. ओपोन अधूनमधून फार्मवर विलोच्या फांद्यांची गाडी घेऊन यायचा, कुंपणाला टेकून बहिणीची हाक ऐकायचा आणि तोंड वेंगाडून तिची नक्कल करायचा. नक्कल चांगली जमायची त्याला. पक्ष्यांचीही जमायची.

चौथ्या उन्हाळ्यात ओमिज रानातून आली ती तोंड रक्तानं माखून. कुणीतरी वर्षानुवर्षांपूर्वी लावून विसरलेला तारेचा फास असणार. वरचा ओठ मधोमध फाटला होता. बाईंना सुई लावायचा धीर होईना, म्हणून मार्पानं स्वतः घोड्याच्या शेपटीच्या केसानं तो शिवला, तीन टाके. ओमिज उभी राहिली, घशातून कण्हत, आणि प्रत्येक टाक्यानंतर मार्पाच्या कपाळावर तोंड टेकवत. जखम भरली. ओठावर एक कडक उंचवटा राहिला, आणि चाटताना तो मार्पाच्या गालाला टोचायचा.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर दूध आटलं. माद्या नरांच्या मागं रानात पांगायचे दिवस होते ते. ओमिज आठवडाभर आली नाही, मग आणखी काही दिवस नाही. बाई म्हणाल्या, दरवर्षीचंच आहे, पाऊलभर बर्फ पडलं की ओटमीलच्या वासानं आपोआप येईल. मार्पानं मान डोलावली. तरी रोज एकदा हाक मारून यायची.

ऑक्टोबरच्या मध्यावर पोक्रोवचा सण आला. या दिवशी देवाची आई जमिनीवर पांढरी ओढणी घालते म्हणतात, आणि त्या वर्षी तिनं ती खरंच घातली, सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. मार्पानं माशाची पोळी भाजली, फडक्यात बांधली आणि न कळवता भावाकडं निघाली. नदी अजून गोठली नव्हती, होडीनं पलीकडं गेली.

ओपोन अंगणामागच्या न्हाणीघरात वाफ घेत होता. परास्यानं नणंदेला दारातच मिठी मारली. तिचे डोळे लाल होते, पण दुःखानं नव्हे. हाताला धरून तिनं मार्पाला आत बसवलं आणि अर्ध्या आवाजात सांगितलं, की ह्यांनी थोरला मारला. इतक्या वर्षांनी. त्या पायानं. कसा मारला ते सांगत नाहीत, नशिबानं समोर आला एवढंच म्हणतात, पण दोन दिवस झाले, माणूस ताठ चालतोय. कुणाला सांगू नकोस, परवाना नाही. तू घरचीच म्हणून.

मार्पाला भावासाठी बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. तेल लावलेली ती बंदूक तिनं किती रविवार पाहिली होती. परास्यानं रस्सा वाढला, राय धान्याची भाकरी मोडली. मार्पा दोन वाट्या जेवली. रस्सा चांगला झालाय, असंही म्हणाली. मग परास्यानं मडक्यातून तो तुकडा काढला जो आमच्याकडं मानाच्या पाहुण्यालाच देतात. वरचा ओठ, दिवसभर शिजवून मऊ केलेला, केस खरवडून स्वच्छ केलेला. "ह्यांनी स्वतःसाठी ठेवला होता," ती म्हणाली, "पण आज तू आलीस."

मार्पानं कडेचा तुकडा कापून खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्यांदा सुरी मध्यावर गेली आणि अडली. तिनं जोर दिला. सुरी घसरली. कूर्चा असेल म्हणून तिनं बोटानं चाचपून पाहिलं.

बोटाखाली एक उंचवटा होता. त्याला आडव्या तीन खाचा होत्या.

परास्या काहीतरी बोलत होती. मार्पाला तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. बोट त्या खाचांवरून पुढं गेलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. तिला वाटलं आपण चुकतोय. रानात ओठ फाटलेले दुसरेही असतील. पण शिवणारीला आपले टाके ओळखू येतात म्हणतात तसं झालं. मधला टाका तिरपा गेला होता, ओमिजनं मान हलवली तेव्हा. तो इथंही तिरपा होता.

तिचा हात तिथंच राहिला. घास तोंडात होता. गिळवेना, टाकवेना.

दार उघडून ओपोन आत आला. अंगातून वाफ निघत होती, चेहरा लालबुंद, हातात टॉवेल. बहिणीला पाहून हसायला लागला, मग त्याची नजर ताटावर गेली आणि हसू तिथंच अडकलं. त्याला त्या ओठावरच्या खुणेची कल्पना नव्हती. त्यानं नुसतं तिचं तोंड पाहिलं.

मार्पानं घास हातात काढून ताटाच्या कडेला ठेवला. "दादा, हे कुणाचं?"

"योराचं."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? रानातल्या. योरा म्हणजे योरा. त्याला काय नाव असतं?" तो परास्याकडं वळला, पाणी मागायला लागला.

मार्पाचा आवाज चढला नाही. तिला स्वतःलाच तो दुसऱ्या खोलीतून येतोय असं वाटलं. "तुला पाठलाग करता येत नाही. दबा धरून गुडघ्यावर बसता येत नाही. थोरला तुझ्यापर्यंत चालत आला. नाव नव्हतं, तर मग हाक कोणाला मारलीस?"

ओपोनच्या हातातला टॉवेल खाली पडला. परास्यानं दोघांकडं पाहिलं, मग ताटाकडं, आणि तिला कळलं. ती चुलीपाशी मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला.

मग ओपोन बोलला, भिंतीकडं बघत. त्यानं सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी तो नुसता नदीकाठच्या रानात जाऊन उभा राहिला होता. बंदूक बरोबर होती, सवयीनं. बहिणीसारखी हाक मारून बघितली, गंमत म्हणून. काही आलं नाही, तेव्हा त्याला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तो खिशात मीठ घेऊन गेला. म्हणजे दुसऱ्या दिवशी गंमत नव्हती, हे तो स्वतःच म्हणाला. हाक मारली आणि काड्या मोडल्या. ती समोर आली. त्याचं तोंड हुंगलं, जरा थांबली, मग हातातलं मीठ चाटायला लागली. डाव्या हातात मीठ होतं, उजव्यात बंदूक.

"मला वाटलं येणार नाही," ओपोन म्हणाला. "देवाशपथ, मार्पा, मला वाटलं येणार नाही. आणि ती आली."

मार्पा उठली, दाराबाहेर गेली आणि अंगणातल्या नव्या बर्फावर ओकली. पोटात काही उरलं नाही तरी उमासे येत राहिले. जिनं तिला पिल्लू म्हणून चाटलं होतं ती तिच्या पोटात गेली होती, आणि तिनं रस्सा चांगला झालाय म्हटलं होतं. ती मूठभर बर्फ तोंडात कोंबायची, थुंकायची, पुन्हा कोंबायची. परास्या मागं येऊन उभी राहिली, पण तिला हात लावायचं धाडस होईना. सणाची घंटा वाजवायला गावात चर्च उरलेलं नव्हतं, तरी कुठल्यातरी घरात अकॉर्डियन चालू होता, आणि तो ऐकत मार्पा होडीपर्यंत गेली. जाताना फाटकातून वळून दारातल्या ओपोनला एवढंच म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. तू सांगशील."

ती फार्मवर गेली आणि गोठ्यात ओमिजच्या रिकाम्या जागी बसली. बाईंना वाटलं ताप आलाय. कपाळाला हात लावला तर थंडगार. दोन दिवस ती कामं करत राहिली, बोलली नाही, खाल्लं नाही. बाई रात्री तिच्या खोलीत झोपायला आल्या, न विचारता.

तिसऱ्या दिवशी ओपोन होडीनं आला. कातडं आणि डोकं पोत्यात घालून खांद्यावर आणलं होतं. बाईंसमोर पोतं ठेवलं. बाईंनी ते उघडलं, बंद केलं, चष्मा काढला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. काचा कोरड्याच होत्या.

पुढच्या आठवड्यात गावच्या क्लबात सभा बसली. सगळं स्योदयोल लोटलं होतं, बायका खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसल्या होत्या. वनखात्याचा माणूस उठला आणि म्हणाला, राखीव रानात एक लोस बेकायदा मारला गेला आहे. मागून कुणी म्हातारा पुटपुटला, बापजाद्यांच्या रानात एका नांगऱ्यासाठी माणसाला तुरुंगात घालणार काय. बाईंना बोलायला सांगितलं. त्यांनी नियमाप्रमाणं सुरुवात केली, आल्सेस आल्सेस, प्रौढ मादी, आणि तिथंच हातातला कागद मिटला. त्या खाली बसल्या. मार्पा शेवटच्या बाकावर होती. सगळे कुणाबद्दल बोलताहेत हेच तिला कळत नव्हतं. जणू तीन जनावरं मेली होती आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं.

मग ओपोनला उभं केलं. वनखात्याच्या माणसानं विचारलं, तू काय मारलंस ते सभेला सांग. सगळ्यांना वाटलं तो 'योरा' म्हणेल, फार तर 'थोरला' म्हणेल. शिकाऱ्याच्या तोंडून तेवढंच निघतं.

ओपोन म्हणाला, "ओमिज."

कुणाचा तरी खोकला अर्ध्यात थांबला. एका शिकाऱ्यानं मारलेल्या जनावराचं नाव घेतलेलं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. "ती हाकेला आली," तो म्हणाला. "हाक माझ्या बहिणीची होती. लोस-बिस मी काही मारला नाही. मी ओमिजला मारलं." आणि बस म्हणायच्या आधीच खाली बसला.

त्याची बंदूक जप्त झाली. नदीच्या वरच्या अंगाला ओंडक्यांच्या छावणीवर दोन हिवाळ्यांची सक्तमजुरी लागली. लंगड्या माणसाला तिथं करवती पाजवायला बसवलं. परास्या त्याच्या पाठीशी राहिली, पण घरात मांस शिजवणं तिनं सोडलं, ते कायमचं.

मार्पाचं काय होणार, याची गावाला चिंता होती. ती फार्म सोडेल, असं बहुतेकांना वाटलं. तिनं सोडलं नाही. ओमिजच्या पहिल्या वेताचं पिल्लू, जे त्या दिवशी टोपलीत ओरडत होतं, ते बाटलीवर वाढून आता मोठी मादी झालं होतं. आजवर तिला नाव नव्हतं, 'ओमिजची' एवढंच म्हणत. बाईंनी हळूच नाव सुचवलं तेव्हा मार्पा इतक्या जोरात "नको" म्हणाली की बाई दचकल्या. पुढच्या वसंतात ती मादी व्यायला झाली. मार्पा गवतात बसली, पाणी माखून घेतलं आणि डोळे मिटले. जीभ गालाला लागली तेव्हा तिच्या तोंडून हुंदका नव्हे, किंकाळी फुटली. मादी बिचकून दोन पावलं मागं सरली. बाईंना वाटलं संपलं सगळं. पण ती थोड्या वेळानं परत पुढं आली, आणि घशातून तोच बारीक आवाज काढत चाटायला लागली.

त्यानंतर मार्पानं कधी हाक मारली नाही. इतर बायका रानाच्या कडेला उभ्या राहून आपापल्या माद्यांना बोलवायच्या. मार्पा बादली घेऊन रानात शिरायची. पावलं बघत, ओरबाडलेल्या साली बघत, मादीच्या गळ्यातल्या घुंगराचा कानोसा घेत स्वतः तिच्यापर्यंत जायची आणि तिथंच धार काढून दूध पाठीवर बांधून आणायची. पावसात, डासांच्या ढगांत, कधी अर्धा दिवस. बाई म्हणाल्या, मार्पा, अशानं तू मरशील. ती म्हणाली, मी मेले तरी चालेल, ती नाव ऐकून कुणाकडं जाणार नाही.

ओपोन सुटून आला तो डोकं पांढरं होऊन. कामाला कुणी घेईना. शेवटी बाईंनी त्याला फार्मच्या पलीकडच्या कडेला विलो तोडायला ठेवलं. आधी मार्पाला विचारलं होतं. मार्पानं खांदे उडवले, बाईंनी त्याचा अर्थ हो असा घेतला. भाऊबहीण एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर काम करायचे आणि बोलायचे नाहीत. गाडी भरली की ओपोन कोयता झाडाला मारून आवाज करायचा, एवढंच. एखादी मादी जवळ आली तर दोन्ही हात काखेत दाबून धरायचा.

एका फेब्रुवारीत मार्पा ओटमीलची बादली घेऊन कुंपणापाशी आली तर तिची मादी, ओमिजची लेक, ओपोनच्या समोर उभी होती. त्यानं बोलावलं नव्हतं. त्याचे हात काखेतच होते. मादीनं त्याचं तोंड हुंगलं, मग मान खाली घालून त्याच्या कोपरापाशी नाक घुसवलं, आणि काखेतून एक हात बाहेर ढकलून काढला. तो तळवा ती चाटायला लागली. त्यावर घाम असेल, मीठ असेल. जनावराला आणखी काय कळणार.

मार्पा बादली धरून कुंपणापाशीच थांबली. ओपोन हळूहळू खाली बसत गेला, वाकत नसलेला पाय पुढं पसरून, हात तसाच पुढं धरून. तो बर्फात बसून रडत होता, आणि मादी त्याच्यावर ओणवून चाटत होती. तिचा पुढचा पाय त्याच्या मांडीला टेकला होता.

"ऊठ, दादा," मार्पा म्हणाली. चार वर्षांत तिनं त्याच्याशी काढलेला हा पहिला शब्द. "ऊठ. तुडवेल ती तुला."

त्याला एकट्याला उठता येईना. मार्पानं बादली खाली ठेवली, काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि अंगावरचं बर्फ झटकलं. मादीचं तोंड एव्हाना ओटमीलमध्ये गेलं होतं.

नंतर ओपोन तिथं बरीच वर्षं विलो तोडत होता. दोघं बोलायचे. बर्फ यंदा किती, कोयत्याला धार कुणी द्यायची, परास्याची कंबर, मादीचे खूर. ओमिजचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. ओपोन गेला तेव्हा मार्पानं त्याला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं. उजव्या तळव्याशी ती थोडी थांबली, मग तोही पुसला. डावा तिनं आधीच पुसला होता. त्याच संध्याकाळी ती बादली घेऊन रानात शिरली, कारण धारेची वेळ झाली होती.